कडी बांधलेली बादली

मी एक जुनी बादली आहे. जस्ती पत्र्याची, बुडाशी एका बाजूने चेपलेली, आणि कडीला चिंधी बांधलेली. मित्रांनो, आमच्या बंदराच्या धक्क्यावर तुम्ही कधी आलात तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. इथे एकही बादली उघड्या कडीने फिरत नाही. मासे वाहणारी असो, फळ्या धुणारी असो की आजच दुकानातून आणलेली प्लास्टिकची असो, प्रत्येकीच्या कडीला कापड गुंडाळलेले असते. धक्क्याच्या तोंडाशी तशी पाटीच आहे. पाटीवरची पहिली ओळ तुम्ही इतर ठिकाणीही वाचली असेल: 'पाण्यातल्या प्राण्यांना खायला घालू नये.' दुसरी ओळ मात्र फक्त इथे आहे: 'धक्क्यावर किंवा होडीवर आणलेल्या प्रत्येक बादलीची कडी कापडाने बांधलेली असावी.'

बाहेरगावची माणसे ती वाचून हसतात. "बादलीला थंडी वाजते का हो तुमच्याकडे?" असे विचारतात. धक्क्यावरची माणसे हसत नाहीत आणि रागावतही नाहीत. खिशातून एक चिंधी काढून पुढे करतात.

तो नियम माझ्यामुळे झाला. तो कसा झाला हे सांगायचे तर मला माझ्या डाव्या कानापासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. पत्र्याच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. त्याने पत्रा कापला, गोल वाकवला, सांध्यावर दुमडून हातोडीने ठोकला. मग बूड बसवले, काठात तार घालून काठ वळवला. शेवटी दोन्ही बाजूंना कान बसवले. कडी ज्यांत अडकते त्या दोन जाड पट्ट्यांना कान म्हणतात. उजव्या कानाचे भोक नेमके पडले. डाव्याचे पाडताना त्याचा हात सरकला आणि ते हवे त्यापेक्षा मोठे झाले. त्यामुळे माझी कडी सैल राहिली. सोडली की ती काठावर आपटे, थोडी उसळे आणि पुन्हा आपटे. 'खण्ण, टण्.' नेहमी तसाच, आधी लांब आणि मग आखूड.

"अहो, हिची कडी बघा किती वाजतेय," गल्ल्यावर बसलेली त्याची बायको म्हणाली.

"वाजू दे. पाणी काय कानातून गळणार आहे?"

"गिऱ्हाईक नाक मुरडेल."

"नाक मुरडेल आणि घेऊन जाईल."

मला घ्यायला आलेल्या बाईने नाक मुरडले नाही. तिने माझी कडी उचलून सोडली, पुन्हा उचलून सोडली आणि हसली. "हीच द्या," ती म्हणाली. "कुणी ढापली तर मला घरबसल्या कळेल."

ती बाई बंदरावर मासे साफ करायची. तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठी माणसेही मावशीच म्हणत. आणि ती मावशी म्हणून तिचा धाकटा भाऊ, ज्याची स्वतःची मासेमारीची बोट होती, तो आपोआप सगळ्यांचा मामा झाला होता.

मावशीचे टेबल धक्क्याच्या अगदी टोकाला होते. जाड लाकडाचे, मधोमध झिजून खोलगट झालेले. त्याच्यावर एक पाण्याचा नळ, एक आखूड पात्याचा सुरा, खवले काढायची एक किसणी. सकाळी बोटी आल्या की मावशी कामाला लागे. खवले, कल्ले, आतडी, डोकी. नको असलेले सगळे माझ्यात पडे आणि मी भरले की ती मला धक्क्याच्या काठाशी नेऊन पाण्यात रिकामी करी. पुन्हा आणून टेबलाशी ठेवी आणि हातातली कडी सोडून देई. खण्ण, टण्.

इथे मला थोडे थांबून धक्क्याबद्दल सांगायला हवे. धक्क्याचे ते टोक लोखंडी पत्र्यांचे होते. पत्रे लोखंडी खांबांवर टेकलेले होते आणि खांब खोल पाण्यात उतरलेले होते. माझा आवाज हवेत फार लांब जात नसे. पण तो पत्र्यातून खांबात आणि खांबातून पाण्यात उतरे. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि पुष्कळ दूर पोचतो. वर चहा पिणाऱ्या माणसांना जो आवाज कानामागे टाकता येई, तो खाली मैलभर पाण्यात ऐकू जात होता. हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

एके सकाळी मावशीने मला ठेवले, कडी वाजली आणि थोड्या वेळाने काठाशी एक राखाडी डोके वर आले. डॉल्फिन होता. पाठीवरच्या पराला मागच्या बाजूने एक खोल खाच होती, कुणी चावा घेतल्यासारखी. तो उभाच्या उभा पाण्यात तरंगत राहिला आणि मावशीकडे बघू लागला.

"काय रे, भूक लागली?" मावशी म्हणाली आणि तिने एक डोके टाकले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला. मी वाजले की यायचा, मान वर करून थांबायचा, वाढले की खायचा. मामाने त्याचे नाव जावई ठेवले. "आला बघ ताई, तुझा जावई. वेळेवर येतो, बोलत काही नाही, आणि वाढल्याशिवाय हलत नाही. अस्सल जावई." आणि मग माझ्यात डोकावून, "जावयाला नुसती डोकी वाढतेस? चार लोकांत बरं दिसतं का ते?"

थट्टाच होती ती. पण त्या दिवसापासून मावशी अख्खे मासे वाढू लागली.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. एखाद्या बादलीला जेवढा मान मिळू शकतो तेवढा मला मिळाला. लोक मुलांना घेऊन धक्क्यावर येत. "मावशी, आज आमची मुलगी कडी वाजवेल का?" असे विचारत. माझी छायाचित्रे निघाली. मावशी मला रोज वाळूने घासून लख्ख करी. आपल्या आवाजाने समुद्रातून कुणीतरी येते, यापेक्षा मोठे आणखी काय असते, असे मला वाटे.

पुढच्या वर्षी थंडी सरताना जावई काही दिवस आला नाही. मावशी काम करता करता पाण्याकडे बघे, पुन्हा कडी वाजवून पाही. मग एके सकाळी ती खाच असलेला पर दिसला आणि त्याच्या शेजारी, त्याला चिकटून, दोन हात लांबीचे एक गडद पिल्लू. त्याच्या अंगावर पोटात दुमडून राहिल्याच्या फिकट घड्या अजून दिसत होत्या.

मावशीच्या हातातला सुरा खाली पडला. "अगं बाई! जावई कसला, ही तर माझी लेक आहे! बाळंतीण होऊन माहेरी आली."

धक्का हसला. मामा तर पोट धरून हसला. पण त्या एका वाक्याने सगळे बदलले. जावयाची थट्टा करता येते, माहेरवाशिणीची करवत नाही. तिला वाढताना हात आखडता घेत नाहीत. मावशी आता मला काठोकाठ भरू लागली. बाकीच्या बोटवाल्यांनीही आपापल्या मासळीतून तिचा वाटा बाजूला काढायला सुरुवात केली. "घे गं पोरी, दोन जिवांचं खायचं आहे तुला," असे म्हणत ती आडदांड माणसे काठाशी वाकत. सकाळी, दुपारी, बोट येईल तेव्हा मी वाजे. आणि ती येई.

जनावरांची एक डॉक्टर त्या सुमारास प्रथम धक्क्यावर आली. तरुण होती, हळू बोलायची. दुर्बीण घेऊन ती कितीतरी दिवस नुसती बसून राहिली. मग मावशीच्या टेबलापाशी आली.

"मावशी, तुम्ही तिला वाढता तेव्हा पिल्लू कुठे असतं?"

"असेल की इथंच. आईला सोडून कुठे जाणार?"

"इथे नसतं. ते बघा, तिकडे." डॉक्टरने दुर्बीण मावशीच्या हातात दिली. "बोटी आत येतात त्या वाटेवर घिरट्या घालतं. त्याला धक्क्याची भीती वाटते. आणि आई इथे अशी उभी राहिली की त्याला दूध पिता येत नाही. ती पोहत असली तरच पिता येतं."

मावशीने दुर्बिणीतून पाहिले आणि दुर्बीण परत दिली. "थोडा वेळ तर येते. बाळंतिणीला उपाशी ठेवू म्हणता?"

"उपाशी नाही राहणार. तिला मासे धरता येतात. ती धरताना बघूनच पिल्लू शिकतं. इथे तिला फक्त सोपं पडतं, म्हणून येते."

"माहेरी सोपंच पडायला हवं की, डॉक्टर."

मलाही मावशीचेच बरोबर वाटले होते. मी बादली आहे. मला भरणे आणि रिकामे होणे कळते.

डॉक्टर बंदराच्या साहेबांकडे गेली. साहेबांना कुणालाच दुखवायचे नव्हते, म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. डॉल्फिनला फक्त मावशीने वाढावे, फक्त सकाळी, फक्त माझ्यातून, आणि अर्ध्या बादलीहून जास्त नाही. माझ्या आत मध्यावर लाल रंगाची एक रेघ ओढण्यात आली. ती रेघ अजून आहे, रंग तेवढा उडाला आहे. मावशीने नियम पाळला, पण आपल्या पद्धतीने. माझ्यात रेघेपर्यंतच मासे असत, मात्र त्या दिवशी मिळालेल्यांपैकी सगळ्यांत चांगले.

"अर्धी म्हणजे अर्धीच आहे, साहेब," ती म्हणे. "आता मासाच अंगानं भरलेला निघाला, त्याला मी काय करू?"

साहेब हसून पुढे जात. डॉक्टर हसत नसे. ती त्या वाटेकडे बघत राही.

मग ती धुक्याची सकाळ आली. धुके इतके दाट होते की टेबलावरून धक्क्याचा काठ दिसत नव्हता. बोटींना परतायला उशीर झाला होता. लांबून त्यांच्या इंजिनांची धडधड ऐकू येत होती, पण नेमकी कुठून ते कळत नव्हते. मावशीने मला रेघेपर्यंत भरले, काठाशी आणून ठेवले आणि कडी सोडली.

खण्ण, टण्.

ती आली. धुक्यातून आधी तिच्या श्वासाचा फुत्कार आला, मग डोके. मावशीने एक मासा दिला. दुसरा हातात घेतला. तेवढ्यात डॉल्फिनने मान वळवली. मला काही ऐकू आले नव्हते. डॉल्फिनला पाण्यातले आवाज खालच्या जबड्यातून ऐकू येतात, हे मला पुढे डॉक्टरकडून कळले. तिला जे ऐकू आले ते आम्हाला कुणालाच आले नाही. ती दिलेला मासा तसाच टाकून खाली गेली. मावशी हातात मासा धरून उभी राहिली.

थोड्या वेळाने मामाची बोट धक्क्याला लागली. "ताई, वाटेत काहीतरी लागलं गं खाली," मामा दोर बांधता बांधता म्हणाला. "ओंडका असणार. आज काही म्हणजे काही दिसत नाही."

मावशीने हातातला मासा हळूच माझ्यात ठेवला. "ओंडकाच असेल ना रे?" ती म्हणाली.

धुके निवळल्यावर सगळ्यांनी पाहिले. लांब, वाटेच्या कडेला, ती खाचेचा पर घेऊन एकाच जागी फिरत होती. नाकावर काहीतरी तोलून पाण्यावर उचलत होती. ते घसरून खाली जाई. ती बुडी मारून पुन्हा त्याला वर आणी.

"पिल्लू जन्मलं की आई त्याला असंच वर ढकलते, पहिला श्वास घ्यायला," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की मामाने "काय?" असे विचारले. तिने पुन्हा सांगितले. मामाने डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या बोटीत जाऊन इंजिनापाशी बसून राहिला.

त्या दिवशी मावशी दुर्बिणीला हात लावीना. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. पण मासे थांबत नाहीत आणि पोटही थांबत नाही. त्यानंतरच्या सकाळी ती मला घेऊन आली. तिची नजर पाण्याकडे नव्हती. तिने नळ सोडला, टेबल धुतले, सुरा काढला, मला टेबलाशी ठेवले, आणि सवयीने हातातली कडी सोडून दिली.

तिच्या लगेच लक्षात आले. दुसऱ्या ठोक्याच्या आत तिने झडप घालून कडी पकडली. माझा 'टण्' वाजलाच नाही. पण 'खण्ण' निघून गेला होता. आवाज एकदा खांबातून उतरला की त्याला माघारी बोलावता येत नाही.

ती आली. नेहमीसारखी झपाट्याने आली नाही, हळूहळू आली, कारण ती पिल्लाला पुढे ढकलत येत होती. काठाशी आल्यावर तिने त्याला नाकाने वर उचलले आणि धक्क्याच्या पत्र्याशी टेकवले. ते घसरले. तिने पुन्हा उचलले. मग मान वर करून ती मावशीकडे बघत राहिली, पहिल्या दिवशी बघितले होते तशीच.

टेबलाशी त्या सकाळचे मासे पडले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

तिच्या मनात काय होते हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, मित्रांनो. डॉक्टर म्हणाली, हा आवाज आला की यायचे, एवढेच तिला ठाऊक होते, आणि पिल्लाला सोडून येणे तिला जमले नाही. मावशीने वेगळेच मानले. ती लोखंडी पत्र्यावर बसली, गुडघ्यांत डोके घातले आणि म्हणाली, "माहेरी घेऊन आली गं माझ्याकडे. आता मी काय देऊ तिला?"

मामा मागे उभा होता. "ताई, माझ्या बोटीनंच..." तो म्हणाला.

"तू नाही रे," मावशी म्हणाली. "हाक मी मारली होती."

डॉल्फिन पुष्कळ वेळ काठाशी होती. मग पिल्लाला घेऊन गेली. मावशी उठली. तिने आपल्या एप्रनचा बंद सुऱ्याने कापला आणि माझ्या कडीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घट्ट गुंडाळला. दोन्ही कानांपाशी गाठी मारल्या. मग मला उचलून कडी सोडून पाहिली. काही आवाज झाला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. डॉल्फिन न बोलावता येत राहिली. सकाळी काठाशी मान वर करून थांबे. आता एकही मासा द्यायचा नाही, असे डॉक्टरने सांगितले होते. एक दिला तर ती दहा दिवस वाट बघेल आणि तेवढे दिवस शिकार करणार नाही. मावशीने टेबल फिरवून घेतले आणि पाण्याकडे पाठ करून काम करू लागली. डोकी नि आतडी आता पाण्यात जात नसत, ती मामा गाडीवर घालून शेतांकडे खताला नेई. लोक म्हणाले, मावशी कठोर झाली. मी तिच्या पायाशी असे. फुत्कार ऐकू आला की सुरा जागच्या जागी थांबायचा, आणि टेबलाच्या खोलगट भागात पडणारे सगळेच पाणी नळाचे नसायचे, हे मी पाहिले आहे.

हळूहळू ती कमी येऊ लागली. मग एखाद्या दिवशीच. आम्हाला वाटले, सुटली.

पण बंदरात हौशी लोकांना समुद्रात फिरवून आणणारा एक होडीवाला होता. पांढरी टोपी घालायचा म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणत. डॉल्फिन दिसेनाशी झाल्यापासून त्याच्या होडीची गर्दी ओसरली होती. त्याने भंगारातून एक पत्र्याची बादली मिळवली, तिच्या कानाचे भोक मोठे करून घेतले, आणि होडी वाटेवर नेऊन कडी सोडली. खण्ण, टण्. अगदी माझ्यासारखी नव्हती, पण बरीचशी होती. आणि ती आली. बोटी आत येतात त्याच वाटेवर येऊन, मान वर करून, उभी राहिली. होडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या धक्क्यापर्यंत ऐकू आल्या.

मावशीने हातातले काम टाकले. मला उचलले आणि ती तडक साहेबांच्या कचेरीत गेली. संध्याकाळी बंदरावरच्या सगळ्यांची बैठक बसली. मावशीने मला टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवले.

"खायला घालायचं नाही असा नियम करा," ती म्हणाली. "अर्धी नाही, पाव नाही, अजिबात नाही. आणि धक्क्यावरच्या नि होड्यांवरच्या प्रत्येक बादलीची कडी बांधलेली पाहिजे, असाही करा."

साहेबांनी चष्मा काढला. "मावशी, पहिला ठीक आहे. पण बादलीच्या कडीवर नियम? लोक हसतील आपल्याला."

"हसू द्या की. हसले की विचारतील, विचारलं की सांगता येईल. नुसतं 'घालू नका' लिहिलंत तर कोण विचारतंय?"

"हे बरं आहे!" कॅप्टन म्हणाला. "एवढे दिवस तुम्हीच तिला लाडावून ठेवलीत, आणि आता आमच्या बादल्या बांधता?"

मावशीने त्याच्याकडे पाहिले. "हो," ती म्हणाली. "मीच लाडावली. म्हणून तर सांगतेय. तू ऐकलं असशील, मी बघितलंय."

कॅप्टनने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो पुटपुटला, "मी प्लास्टिकची आणतो मग. तिला कुठे आवाज असतो?"

"तिलाही बांधायची. आज प्लास्टिकची आहे, उद्या कुणीतरी परत पत्र्याची आणेल. हाताला सवय राहिली पाहिजे. सवय वाईट असते, कॅप्टन. माझ्या हाताची मी बघितलीय."

"आणि लोक तुझ्या होडीत येतील रे," मामा म्हणाला. "डॉल्फिन नसली तर तुझी टोपी बघायला येतील." कुणी हसले नाही, पण कॅप्टनने सगळ्यांत आधी हात वर केला.

असा तो नियम झाला. पहिले काही महिने सगळ्यांना जड गेला. गाठी सुटत, ओल्या चिंध्यांना वास येई, नवीन माणसे विसरत. मावशी खिशात चिंध्या घेऊन फिरे आणि दिसेल ती बादली बांधत सुटे. धक्का शांत झाला. डॉल्फिन आधी धक्क्यापासून आणि मग वाटेवरूनही दिसेनाशी झाली. ती जगली की नाही हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. खुणेचा पर शोधत डॉक्टर दर महिन्याला बोटीने बाहेर जाई आणि परत आल्यावर मावशीकडे बघून नुसती नाही म्हणून मान हलवी.

वर्षे गेली. माझा मानही गेला. माशांसाठी प्लास्टिकचे क्रेट आले, माझ्यात कधी वाळू, कधी कोळसा, कधी फळ्या पुसायचा बोळा राहू लागला. एकदा गाडीचे चाक लागून माझे बूड चेपले. छायाचित्र काढायला कुणी आले नाही. पण मावशी दरवर्षी माझी चिंधी बदलत राहिली. तिची बोटे आता सुरा धरण्याइतकी वळत नव्हती. ती टेबलाशी नुसती येऊन बसे, शेजारी मी, आणि कधी कधी मामा.

अशाच एका दुपारी समुद्र काचेसारखा शांत होता. वाटेच्या पलीकडे, खूप लांब, पाण्यावर लहान मासळी उड्या मारताना दिसली. तिच्याभोवती एक पर गोल फिरत होता. त्याला मागच्या बाजूने खोल खाच होती. आणि त्याच्या शेजारी, त्याला चिकटून, तसाच गोल फिरणारा एक छोटा पर. मोठा वळला की छोटाही वळत होता. मोठा खाली गेला की छोटाही जात होता, थोडा उशिरा, थोडा वेडावाकडा. शिकत होता.

मामाने मावशीचा दंड धरला. "ताई! तीच. तीच आहे गं!"

मावशीला सगळे दिसत होते.

"हाक मार की," मामा म्हणाला. "एकदाच. खायला नको देऊस काही. नुसतं जवळून बघू. मला एकदा तिला जवळून बघू दे."

मावशीचा हात माझ्या कडीवर आला. मित्रांनो, त्या वर्षी माझी चिंधी बदलायची राहिली होती. डाव्या कानापाशी ती झिजून फाटली होती आणि तिथे लोखंडाला लोखंड लागत होते. मावशीच्या बोटांना ते कळले. तिने कडी किंचित उचलली. आता फक्त बोटे उघडायची होती. मला वाटले, ती उघडणार. खोटे कशाला सांगू, मलाही वाटले, उघडावीत. इतक्या वर्षांत मला माझा आवाज ऐकू आला नव्हता.

मावशीने मूठ आवळली. न वळणारी ती बोटे तिने माझ्या कडीभोवती इतकी घट्ट आवळली की त्यांची पेरे पांढरी पडली. "नांदतेय ती," मावशी म्हणाली. "नांदू दे."

दोन्ही पर दिसेनासे होईपर्यंत तिने कडी सोडली नाही. मग मामाने कडी धरून तिची बोटे एकेक करून सोडवली, आणि मावशीने डोक्याचा रुमाल काढून मला बांधला.

तोच रुमाल आज माझ्या कडीला आहे. मावशी आता नाही. टेबल आहे, त्याच्या खोलगट भागात अजून पाणी साठते. मामा होता तोवर दर काही दिवसांनी येऊन माझी गाठ चाचपून जाई. आता तोही येत नाही. मला धक्क्याच्या तोंडाशी पाटीखाली टांगले आहे. खारे वारे मला गंजवत आहेत, आणि माझ्यापेक्षा लवकर त्या रुमालाला जीर्ण करत आहेत.

मित्रांनो, आपल्याला जे प्राणी आवडतात त्यांना जवळ बोलवावेसे वाटते. त्यांना काहीतरी द्यावेसे वाटते. मलाही वाटे, आणि मावशीइतकी माया करणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. पण हाक मारण्याआधी एवढे बघा, की आपल्याकडे येण्यासाठी ते कुणाला मागे सोडून येणार आहे.

आणि कधी इकडे आलात तर पाटी वाचून खुशाल हसा. मग माझ्यापाशी या आणि डाव्या कानाजवळची चिंधी बोटांनी चाचपून पाहा. विरली असेल तर नवी बांधा. गाठ घट्ट मारा. माझा आवाज अजून माझ्यात तसाच आहे, आणि बाहेर कुठेतरी तो ओळखणारी ती अजून असेल.